राजुऱ्याच्या वाटेवर : बंदूक कुणाला, मत कुणाला?

बल्लारशा स्टेशनवर उतरून राजुऱ्याची गाडी धरली की थोड्याच वेळात वर्धा नदी लागते. पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला म्हणजे हा पूल पाण्याखाली जातो आणि राजुऱ्याच्या माणसाला बल्लारपूर अगदी समोर दिसत असूनही दूर होते. एके काळी तर ही नदी म्हणजे दोन राज्यांची शीव होती. अलीकडे इंग्रजांचा चांदा जिल्हा, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. राजुरा तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, तेव्हा तो मुंबई राज्यात आला आणि नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. पुढे १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात आला. एवढी सरकारे या मातीने पाहिली आहेत.

गेल्या हिवाळ्यात मी मोठ्या बहिणीकडे चार दिवस राहायला गेलो होतो. ताईचे गाव राजुरा तालुक्यातच, जंगलाच्या कडेला. भाऊजी कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. तीन एकर शेती, त्यात कापूस आणि तूर. भाचा पदवीधर झाला असून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो आणि रात्री शेतावर जागलीला जातो. घरात समोरच्या भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर. त्याच भिंतीला भाच्याने घटनेच्या उद्देशिकेचा कागद चिकटवलेला.

पहिल्याच रात्री जेवताना भाच्याने विषय काढला. आदल्या आठवड्यात रानडुकरांनी तुरीचा अर्धा एकर लोळवला होता. वाघाची भीती तर या भागाला नवी नाही. राजुरा आणि विरूरच्या जंगलात अनेकांचा बळी घेणारा एक वाघ वनखात्याने २०२० च्या ऑक्टोबर महिन्यात जेरबंद केला, तोवर शेतात एकट्याने जायची कुणाची छाती नव्हती. भाचा म्हणाला, "मामा, डुक्कर पीक खाते, वाघ माणसाले नेते, अन् आमच्या हातात फक्त काठी. अमेरिकेत म्हणे घटनेनंच बंदुकीचा हक्क दिला आहे. बाबासाहेबांनी आपल्याले मताचा हक्क दिला, मंग बंदुकीचा काऊन नाही दिला?"

मी उत्तर देण्याआधीच चुलीजवळून ताई बोलली, "बंदूक राहू दे बापा. आधी माह्यं नाव यादीतून कुठं गेलं, ते इचार तुह्या मामाले."

एकाच घरातून, एकाच ताटावर हे दोन प्रश्न आले. पुढचे चार दिवस मी राजुरा फिरलो तो हे दोन प्रश्न डोक्यात घेऊनच. वाचकांपुढेही ते ठेवतो, कारण हे प्रश्न माझ्या ताईच्या घरापुरते नाहीत.

बंदूक कुणाच्या हाती होती?

आधी भाच्याचा प्रश्न घेऊ. आपल्या देशात हत्यार कुणी बाळगावे, हे पूर्वी जातीवरून आणि सत्तेवरून ठरत असे. निजामाच्या राज्यात जमीनदाराच्या वाड्यावर बंदुका होत्या, राबणाऱ्याच्या झोपडीत विळा होता. शेवटच्या काळात रझाकारांच्या हाती शस्त्रे आली आणि लोकांनी त्यांचा जाच भोगला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली.

नदीच्या अलीकडे इंग्रजी मुलखातही वेगळे नव्हते. १८५८ साली या भागातील गोंड वीर बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. वीस वर्षांनी, १८७८ मध्ये, इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा केला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक नाही, गोऱ्या साहेबाला मात्र सूट! ज्या महार सैनिकांनी पिढ्यान्‌पिढ्या कंपनीच्या पलटणीत बंदूक चालवली, त्यांचीही लष्करभरती १८९० नंतरच्या काळात बंद करण्यात आली. तुम्ही लढवय्या जातीचे नाही, असे सांगण्यात आले. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांना त्यासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले.

म्हणून स्वातंत्र्याच्या चळवळीत शस्त्रांच्या कायद्याबद्दल फार राग होता. १९३१ मध्ये काँग्रेसने कराचीला मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. म्हणजे भाच्याने जो प्रश्न विचारला, तो या देशात नवा नाही. तो थेट घटना समितीत विचारला गेला होता.

बाबासाहेबांनी दिलेले उत्तर

१९४८ च्या डिसेंबर महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत घटना समितीत स्वातंत्र्याच्या हक्कांवर चर्चा झाली. ते कलम आज १९ वे कलम म्हणून आपण ओळखतो. सभासद ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की, नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क द्यावा. कराचीच्या ठरावाचा दाखला त्यांनी दिला.

बाबासाहेबांनी त्याला जे उत्तर दिले, ते आपल्या प्रत्येक तरुणाने समजून घ्यावे असे आहे. त्यांचे म्हणणे असे : काँग्रेसने हा हक्क मागितला होता, हा इतिहास आहे, तो कुणी नाकारत नाही. पण ज्या परिस्थितीत मागितला, ती परिस्थिती आता उरली नाही. परक्या सरकारने गुलाम प्रजेला निःशस्त्र केले होते, ते शांततेसाठी नव्हे, तर प्रजेने सरकार उलथवू नये म्हणून. आता राज्य आपले आहे. प्रत्येक माणसाला बाजारात जाऊन हवे ते हत्यार घेण्याचा हक्क असेल, तर राज्यकारभार चालायचा कसा? मूलभूत हक्क एकदा दिला, की सरकार त्यावर अटी घालू शकते, पण तो मुळात नाकारू शकत नाही. मग गुंड आणि दरोडेखोरही तोच हक्क सांगत पुढे येतील. याहीपुढे जाऊन बाबासाहेब म्हणाले की, आग्रह धरायचाच तर शस्त्राच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरावा. देशावर संकट आले तर राज्याने प्रत्येक नागरिकाला रक्षणासाठी बोलवावे.

कामतांची दुरुस्ती नामंजूर झाली. १९ व्या कलमात शब्द राहिले ते असे की, नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. विनाशस्त्र हा शब्द तिथे मुद्दाम आहे. आपला मोर्चा, आपली सभा, आपली मिरवणूक त्या शब्दावर उभी आहे. शिखांच्या कृपाणाची सोय घटनेने धर्मस्वातंत्र्याच्या कलमात वेगळी केली, तेवढाच अपवाद.

आता याच्या शेजारी मताचा हक्क ठेवून पाहा. १९१९ साली साउथबरो समितीपुढे तरुण भीमराव आंबेडकर उभे राहिले, तेव्हापासून मताधिकाराचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. त्या वेळी मत मिळायचे ते सारा भरणाऱ्याला, घरपट्टी भरणाऱ्याला, शिकलेल्याला. ज्याच्याकडे जमीन नाही, ज्याला शाळेच्या पायरीवर बसू दिले नाही, त्याला मत कुठून असणार? अशिक्षिताला मत कशाला, असे म्हणणाऱ्या मोठमोठ्या विद्वानांची तेव्हा कमतरता नव्हती.

घटनेच्या ३२६ व्या कलमाने हा सगळा वाद एका वाक्यात मिटवला. प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत. ३२५ व्या कलमाने सांगितले की धर्म, वंश, जात किंवा लिंग यांच्या कारणाने कुणाचे नाव यादीबाहेर ठेवता येणार नाही. सुरुवातीला वय २१ होते, १९८९ पासून ते १८ झाले. बंदुकीच्या परवान्याला मात्र आजही २१ वर्षे पूर्ण लागतात.

मी भाच्याला म्हटले, "हे बघ बापू, दोन्ही हक्कांचा हिशेब मांड. बंदूक सगळ्यांना दिली तरी सगळे सारखे होत नाहीत. ज्याच्याकडे पैसा, त्याच्याकडे चार बंदुका. आपल्याकडे एक भरमार, तीही उसनवारीची. पण मत सगळ्यांना दिले, तर खाणमालकाला एक आणि खाणमजुरालाही एकच. म्हणून बाबासाहेबांनी एक हक्क दिला आणि दुसरा दिला नाही."

भाचा ऐकत होता, पण त्याचे समाधान झालेले दिसत नव्हते. म्हणाला, "मग डुकराचं काय करायचं?" प्रश्न रास्त होता. त्यालाही कायद्यात उत्तर आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा परवाना मागण्याची सोय आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. नाकारला तर अपील आहे. म्हणजे बंदूक मिळू शकते, पण ती हक्क म्हणून नव्हे, गरज सिद्ध करून, चौकशी होऊन, परवान्याने. आणि परवाना मिळाला म्हणून वन्यप्राणी मारायची मोकळीक मिळत नाही, त्याचे नियम वेगळे आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये बेकायदा बंदुकांच्या एका प्रकरणात सांगितले की, अमेरिकेप्रमाणे आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही.

अमेरिकेत काय घडले?

भाच्याच्या मनात अमेरिका होती, म्हणून तिकडचीही गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या घटनेत १७९१ साली दुसरी दुरुस्ती झाली आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला गेला. मताचा हक्क मात्र मूळ घटनेत असा सरळ लिहिलेलाच नव्हता. तो राज्यांवर सोडला होता. काळ्या माणसाला वर्णाच्या कारणाने मत नाकारू नये, हे लिहायला १८७० साल लागले आणि स्त्रियांसाठी १९२०.

बंदुकीचा हक्क तरी काळ्या माणसाला मिळाला का? १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात तिथल्या सरन्यायाधीशांनी लिहिले की, काळ्यांना नागरिक मानले तर ते सभा भरवतील आणि शस्त्रे घेऊन फिरतील. ही गोष्ट त्यांना इतकी अशक्य वाटली, की काळे नागरिकच नाहीत असे ठरवण्याचे ते एक कारण झाले! गुलामगिरी संपल्यावर १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने कायदा करून मुक्त झालेल्या काळ्यांना बंदूक ठेवायला बंदी केली.

१८७३ साली लुइझियाना राज्यात कोलफॅक्स या गावी निवडणुकीच्या निकालावरून वाद झाला. आपण निवडून दिलेली माणसे टिकावीत म्हणून काळे लोक कचेरीत जमले होते. त्यांच्यापैकी काहींकडे बंदुकाही होत्या. गोऱ्यांची जास्त मोठी, जास्त सशस्त्र टोळी चालून आली आणि साठांहून अधिक काळ्यांना मारले. अनेकांना तर शरण आल्यावर मारले. खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८७६ मध्ये न्यायालयाने आरोपींच्या शिक्षा रद्द केल्या. शस्त्राचा हक्क घटनेत असला तरी तो केंद्र सरकारपुरता, खासगी टोळीने तो पायदळी तुडवला तर हे न्यायालय काही करू शकत नाही, असा त्याचा अर्थ निघाला. मताच्या हक्काचीही तीच गत झाली. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे दक्षिणेतल्या काळ्या माणसाला मतकर, वाचन-लेखनाची परीक्षा आणि धाकदपटशा यांनी मतदानापासून दूर ठेवले गेले.

त्यांना मत मिळाले ते बंदुकीने नव्हे. ७ मार्च १९६५ ला सेल्मा गावच्या पुलावर निःशस्त्र माणसे चालत गेली, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला. आज तिथली स्थिती अशी की, २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरात बंदूक बाळगणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क ठरवला आणि २०१३ मध्ये मताधिकाराच्या त्या कायद्याचे एक मोठे कलम निकामी केले. बंदुकीचा हक्क बळकट झाला, मताचे कुंपण सैल झाले. भाचा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे तिथं आपल्यासारख्यायले दोन्हीही सहजी नाही भेटलं."

अत्याचाराच्या कायद्यातली बंदूक

दुसऱ्या दिवशी मी त्याला आपल्याच एका कायद्यातली गोष्ट दाखवली. ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे नियम १९९५ साली झाले. त्यातल्या तिसऱ्या नियमात लिहिले आहे की, ज्या भागात अत्याचाराचा धोका आहे, तिथे सरकारने अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना संरक्षणासाठी परवाने द्यावेत.

याच कायद्याने सुरुवातीपासून आणखी एक गोष्ट गुन्हा ठरवली आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मत देऊ नको, किंवा अमक्यालाच दे, असे धमकावणे. म्हणजे एकाच कायद्यात बंदूकही आहे आणि मतही आहे. बंदूक आहे ती अपवाद म्हणून, धोक्याच्या काळापुरती, सरकारच्या निर्णयाने. मत आहे ते नेहमीसाठी, आणि त्याला हात लावणारा गुन्हेगार.

निवडणुकीच्या दिवसांत तर हा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. आचारसंहिता लागली की जिल्ह्यातल्या परवान्यांची छाननी होते आणि ज्यांना सांगितले जाईल त्यांना आपली बंदूक ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते. मतदान केंद्राच्या आसपास हत्यार घेऊन जाणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. मोठ्या वाड्यावरची बंदूक त्या दिवशी ठाण्याच्या खोलीत पडून असते, आणि रांगेत मजुराची बायको पाटलाच्या पुढे उभी असते. वर्षभर नाही, पण त्या एका दिवशी तरी.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने याची उलट बाजू चाळीस वर्षांहून अधिक काळ पाहिली. तिथे बंदुकीच्या धाकाने मतदानावर बहिष्कार पुकारले गेले. कर्मचाऱ्यांना हेलिकॉप्टरने न्यावे लागले, मतदान दुपारी तीनलाच संपवावे लागले. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा मोठा नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. या सगळ्या वर्षांत मेली ती बहुतेक गरिबाघरची माणसे, मग ती गणवेशातली असोत की बिनगणवेशाची. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी रक्तपाताचे मार्ग सोडा, घटनेचे मार्ग धरा, असे जे बजावले होते, त्याचा अर्थ या जंगलात फार महाग पडून समजला.

राजुऱ्याची यादी

आता ताईचा प्रश्न. २०२४ च्या एप्रिलमध्ये लोकसभेला ताईने मत दिले होते. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला ती त्याच केंद्रावर गेली, तर यादीत नाव नाही. ओळखपत्र हातात, पण नाव नाही. कुणाच्या हातून काय चुकले, ते आजवर कळले नाही. ती मजुरीचा दिवस पाडून दोन तास उभी होती, आणि परत आली. सांगताना तिचा आवाज चढला नाही, पण ती म्हणाली, "आपलं नाव कुणी पुसलं म्हणजे आपण मेलोच ना, बाबू."

कायदा असा आहे की, ज्याचे नाव यादीत नाही त्याला मत देता येत नाही. ३२६ व्या कलमाचा हक्क यादीच्या दारातून येतो. मताचा हक्क मूलभूत की फक्त कायद्याने दिलेला, यावर न्यायालयात १९५२ पासून चर्चा आहे. २०२३ मध्ये एका न्यायमूर्तींनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात तो मूलभूत मानला, बाकीच्यांनी तिथवर जायचे टाळले. पण ताईला या चर्चेचा काय उपयोग? तिच्यापुरती यादी हीच घटना.

आणि याच राजुऱ्याची यादी देशभर गाजली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, विधानसभेच्या तोंडावर, या मतदारसंघात नव्या मतदारांच्या ऑनलाइन अर्जांचा पूर आला. राज्याच्या निवडणूक कार्यालयाच्या म्हणण्यानुसार १ ते १७ ऑक्टोबर या काळात ७,५९२ अर्ज आले. तपासणीत त्यातले ६,८६१ अवैध निघाले आणि फेटाळले गेले. १९ ऑक्टोबरला राजुरा पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. पुढे १८ सप्टेंबर २०२५ रोजी राहुल गांधी यांनी दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन राजुऱ्याचे नाव घेतले आणि ६,८५० नावे खोट्या मार्गाने वाढवल्याचा आरोप केला. निवडणूक आयोगाने तो नाकारला. कुणाचे खरे, हे तपासाने ठरावे. पण एक हिशेब कुणालाही करता येतो. त्या निवडणुकीत राजुऱ्यातला पहिला आणि दुसरा उमेदवार यांच्यात फरक होता ३,०५४ मतांचा. खोटे म्हणून बाद झालेले अर्ज त्याच्या दुपटीहून अधिक होते. ते अर्ज पकडले गेले नसते तर?

विचार करा. एका भरमार बंदुकीच्या परवान्यासाठी ठाण्यातून चौकशी होते, ती कशाला हवी हे विचारले जाते. तसे व्हायलाच हवे. पण हजारो खोटे मतदार कुठे तरी बसून अर्जात भरता येतात. आणि खरा मतदार, अंगठीएवढीही मालमत्ता नसलेली माझी ताई, यादीतून नाहीशी होते.

डोंगरावरची चौदा गावे

तिसऱ्या दिवशी भाच्याबरोबर जिवतीच्या बाजूला गेलो. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांची धूळ मागे पडली की माणिकगडचा डोंगर लागतो. जिवती पूर्वी राजुरा तालुक्याचाच भाग होती. पठारावर तेलंगणाच्या सीमेला लागून चौदा गावे आहेत : मुकदमगुडा, परमडोली, महाराजगुडा, अंतापूर आणि इतर. मराठवाड्यातून दुष्काळात पोटासाठी आलेली अनेक कुटुंबे तिथे वसली. त्यांत आपल्या समाजाचीही माणसे बरीच आहेत. या गावांवर दोन राज्यांनी दावा सांगितला. १९९७ मध्ये वाद महाराष्ट्राच्या बाजूने संपला, पण तेलंगणाचा कारभारही तिथे चालूच राहिला. दोन शाळा, दोन रेशनकार्डे, दोन सरपंच आणि दोन मतदार ओळखपत्रे!

२०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्राचे मतदान १९ एप्रिलला होते आणि तेलंगणाचे १३ मे रोजी. एकाच माणसाला दोनदा मत देता येईल अशी स्थिती. अधिकाऱ्यांनी गावोगाव जाऊन सांगितले की मत एकदाच द्या. कायदा स्पष्ट आहे : एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघात, तेही एकदाच. पण तिथल्या लोकांना दोष देण्याआधी त्यांचे म्हणणे ऐकावे लागते. जमिनीचा पट्टा एका सरकारने द्यायचा नाही, आणि पेन्शन दुसऱ्याने द्यायची. मग माणूस दोन्ही दारे उघडी ठेवणारच. एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितले, "दोन कार्ड हायेत बाबा, पण जमिनीचा कागद एकबी न्हाई." मी त्यांना काय उत्तर देणार? २०२५ च्या जुलैमध्ये ही गावे महाराष्ट्रात पूर्णपणे सामावून घेण्याची घोषणा राज्य सरकारने केली. घोषणेचा कागद त्या बाईंच्या हातात सातबारा होऊन पडेल, तेव्हा दुसरे कार्ड त्या आपणहून परत करतील.

एका माणसाला एक मत, आणि प्रत्येक मताला एकच मोल, असे बाबासाहेब म्हणाले होते. राजुऱ्याच्या एकाच मतदारसंघात या वाक्याला तीन बाजूंनी ओरखडे पडलेले मी पाहिले. खोट्या माणसाला मत, एका माणसाला दोन मते, आणि खऱ्या माणसाला एकही नाही.

ताईचा अर्ज

चौथ्या दिवशी सकाळी भाच्याने मोबाइलवर यादी उघडली. ताईचे नाव खरोखरच नव्हते. त्याने नमुना ६ भरला. ताईने स्वतः वाचून पाहिला, नवऱ्याच्या नावाआधी स्वतःचे नाव नीट लिहिले आहे का, ते तपासले. मला १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीची गोष्ट आठवली. तेव्हा देशातल्या सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून गळली होती, कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही; अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. बाईने आपले नाव सांगणे हीदेखील या देशात एक लढाई होती. काही आठवड्यांनी भाच्याचा फोन आला की ताईचे नाव यादीत आले. ताईने पेढे वाटले नाहीत, पण यादीचा तो कागद उद्देशिकेशेजारी भिंतीला लावला, असे तो म्हणाला.

वाचक बंधू-भगिनींनो, म्हणून घरोघरी काही गोष्टी कराव्यात. निवडणुकीची वाट न पाहता आताच घरातल्या प्रत्येकाचे नाव यादीत पाहावे. नाव नसेल तर नमुना ६, चूक असेल किंवा घर बदलले असेल तर नमुना ८ भरावा. कुणाचे नाव वगळण्यासाठी नमुना ७ असतो. पण वगळण्याआधी त्या माणसाला आपले म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, हे लक्षात ठेवावे. अन्याय झाला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. खोटी माहिती देणे हा एक वर्षापर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. मुलांना सतरा पूर्ण होताच आगाऊ अर्ज करता येतो. चौकशीसाठी १९५० हा फोन क्रमांक आहे. विहारात रविवारी जमतो, तेव्हा वस्तीची यादी मोठ्याने वाचली तरी निम्मे काम होते. मेलेल्यांची नावे कुठली, गेलेल्यांची कुठली, आणि जिवंत असून पुसलेल्यांची कुठली, हे वस्तीला जेवढे कळते तेवढे कुणालाच कळत नाही.

निघताना भाचा पुलापर्यंत सोडायला आला. वर्धेचे पाणी खाली गेले होते. तो म्हणाला, "मामा, भरमारीच्या परवान्याचा अर्ज मी करतोच. डुक्कर काही घटना वाचत नाही." मी हसलो आणि म्हटले, "कर. पण वस्तीची यादी आधी वाच."

तो वाचतो आहे. मागच्या फोनवर त्याने सांगितले की, त्याच्या वस्तीत ताईसारखी आणखी चार नावे गहाळ निघाली. चौघांचेही अर्ज भरून झाले आहेत.